डावीकडचं पॅनल

आमच्या ह्यांना अख्खी गल्ली कानसेन म्हणते. चाळीस वर्षं रेडिओ-टेप दुरुस्त केले. नुसतं ऐकून कुठला पार्ट गेलाय ते सांगायचे. त्या कानांचा ह्यांना केवढा तोरा! आणि खरं सांगायचं तर मलाही.

तर घरातलं डावीकडचं स्पीकर पॅनल खरखरायला लागलं. हे स्पीकर म्हणजे खोकी नव्हेत, माणसाएवढ्या उंच सपाट चौकटी. आत पातळ फिल्म ताणलेली, तिच्यावर ॲल्युमिनियमच्या बारीक तारा चिकटवलेल्या. फिल्म थरथरते आणि गाणं ऐकू येतं. इतक्या वर्षांत गोंद वाळला, तारा सुटल्या, एक तर तुटलीच.

ह्यांनी जेवणाचं टेबल बळकावलं. पॅनलवरचं कापड काढलं, जुना गोंद पुसला, एकेक तार बोटाने दाबत ब्रशने नवा गोंद लावला. ॲल्युमिनियमला सोल्डर धरत नाही म्हणे! तुटलेली टोकं खरवडून, डाग धरावा म्हणून कसलंसं वेगळं फ्लक्स लावून, श्वास रोखून एकदाची ती जोडली. तीन दिवस आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. पण चौथ्या दिवशी पॅनल असं वाजलं, की मी हातातलं काम टाकून ऐकत बसले.

"डावीकडचं अजून दबकं येतंय," हे म्हणाले.

"काहीतरीच! छान तर वाजतंय."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

झालं! पुन्हा टेबल, पुन्हा गोंद, पुन्हा घरभर तो डोकं उठवणारा वास. दोन आठवड्यांत तीन वेळा. काल तर म्हणाले, उद्या सगळ्याच तारा उपटून नव्याने बसवतो. फिल्म फाटली की संपलं, तशी आता मिळत नाही. पण मला काळजी फिल्मची नव्हती. महिनाभर हे फोन उजव्याच कानाला लावत होते, आणि डावीकडून हाक मारली तर ओ देत नव्हते.

आज हे भाजी आणायला गेले तसं मी ठरवलं, पॅनलांची गुपचूप अदलाबदल करायची. तरीही ह्यांना डावीकडचंच दबकं वाटलं, तर खोट पॅनलात नाही. युक्ती ह्यांचीच. दुकानात तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाला हे आधी तेच करायला लावायचे.

बाह्या सरसावल्या आणि डावीकडचं पॅनल पुढे ओढलं. पाठीवर ह्यांच्या अक्षरात पेन्सिलने लिहिलेलं होतं, 'उजवं'.

उजवीकडचं बघितलं. त्यावर 'डावं'.

म्हणजे अदलाबदल आधीच झाली होती! बिघडलेलं पॅनल पहिल्याच खेपेला दुरुस्त होऊन उजवीकडे उभं होतं, आणि त्यानंतर हा माणूस धडधाकट पॅनलाच्या तारा चिकटवत बसला होता.

मागे वळले तर हे दारात, हातात पिशवी. माझा पारा चढला.

"कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्या दुरुस्तीच्या दुसऱ्या दिवशी. तू बाहेर गेली होतीस."

"मग हे काय चालवलं होतंत इतके दिवस?"

"पॅनल मला दुरुस्त करता येतं गं," हे म्हणाले.

चांगलं फैलावर घेणार होते, पण मला रडूच कोसळलं. "अहो, मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं, तर तू माझ्याशी ओरडून बोलायला लागली असतीस."

"मग आता कुठे हळू बोलते?"

हे खो खो हसले. हसता हसता डोळे पुसले. मी ह्यांच्या हातातली पिशवी काढून टेबलावर ठेवली आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता कानाच्या डॉक्टरकडे चला.

"भीती वाटते गं," हे म्हणाले.

"मलाही वाटते. चला."