व्हर्नियरच्या जबड्यांतला उजेड

मी एक जुना व्हर्नियर आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेला आहे. हे आधीच सांगितलेलं बरं.

व्हर्नियर म्हणजे पोलादी मापपट्टी. तिला दोन जबडे असतात. त्यांत वस्तू धरली, की केसाएवढा फरकही कळतो. माझे पहिले मालक जीवरामनाना चोपड्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. ते मला तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवत. खंडेनवमीला अवजारांची पूजा होई, तेव्हा पाटावर पहिला मान माझा. पण त्यांच्या पत्नी कुंदाबाई प्रत्येक अवजार आधी फिरवून फिरवून बघायच्या. "फुटेल वस्तू पाटवर ठेवानी नही," मोडकी वस्तू पूजेला नको, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची मुलगी ऋतिका जळगावला इंजिनिअरिंगला गेली, तेव्हा नानांनी मला तिच्या हाती दिलं. "हाऊ मना देव शे, बेटा. कोनले देऊ नको."

पण वर्गातल्या योगराजने मागितलं आणि ऋतिकाला नाही म्हणवलं नाही. भिडस्त माणूस. त्याने माझ्या टोकाने लोखंडावर रेघा ओढल्या. तेवढ्याने भागलं नाही, म्हणून मला पान्ह्यासारखं धरून एक घट्ट नट पिळला. माझा जबडा वाकला. त्याने मला गुपचूप डबीत ठेवलं आणि हसत परत केलं.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत ऋतिकाचं प्रत्येक माप चुकलं. परीक्षकांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं. "बाजारात केळी मोजायला बरा आहे हा," ते म्हणाले. सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं असेल? योगराज.

"भंगारात घाल गं त्याला," वर त्याचा सल्ला.

ऋतिकाने मला भंगारात घातलं नाही. तिने माझे जबडे मिटले आणि मला खिडकीकडे धरलं. मधून उजेडाची रेघ दिसली; जबडे सरळ असते, तर ती दिसली नसती. तेव्हा तिला सगळं कळलं. पण ती योगराजशी भांडायला गेली नाही. त्या दिवसापासून कुठलंही साधन हाती आलं, की ती आधी उजेडाला धरते. आणि मी? मी मनात गाठ मारून ठेवली.

पदवी झाली. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत विमानाच्या चाकांच्या सांगाड्याला लागणारे धातूचे सुटे भाग करणारा एक कारखाना आहे. तिथे ऋतिकाला तपासणी विभागात पहिली नोकरी लागली. तिथे बाहेरचं साधन वापरू देत नाहीत. माझ्यावर 'वापरू नये' अशी लाल चिठ्ठी चिकटली आणि मी तपासणीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात जाऊन बसलो. अपमानच तो. पण तिथून मला सगळं दिसत होतं.

काही महिन्यांनी योगराजही तिथे लागला, मशीनवर. कंपनीच्या नव्या व्हर्नियरने तो भागांची धार खरवडायचा. मी काचेआडून बघत होतो. खोड जात नाही, मित्रांनो.

मग खंडेनवमी आली. तपासणीच्या खोलीत पाट मांडला. हळदकुंकू नुसतं पाटाला, साधनांना फक्त झेंडूचं फूल. मांडायचं काम ऋतिकाकडे होतं. ती एकेक साधन उजेडाला धरून ठेवत होती. योगराजचा व्हर्नियर हातात आला आणि ती थांबली. जबड्यांत रेघ होती.

"हा पाटावर येणार नाही," ती म्हणाली.

"अगं, पूजा आहे का परीक्षा?" योगराज हसला. "ठेव ना."

"याने मापलेला माल कुठाय?"

तो हसायचा थांबला. माल खोक्यांत भरला होता, संध्याकाळी निघणार होता. ऋतिका अजून नोकरीत कायम झाली नव्हती. माल अडवायचा म्हणजे सगळ्यांचा रोष अंगावर घ्यायचा. विभागप्रमुख श्रेयांससर म्हणाले, "ऋतिका, नीट विचार कर. खात्री आहे?"

माझं खरं सांगू? मला वाटत होतं, तिने गप्प बसावं. माल जाऊ दे, परत येऊ दे, मग योगराजची चांगली जिरेल. पण ती म्हणाली, "सर, त्या विमानात खिडकीशी कुणाचं तरी लेकरू बसलेलं असतं. आई त्याचा पट्टा दोनदा ओढून बघते. चाकं ती कशी बघणार? ती आपणच बघायची."

खोकी उघडली. निम्मा माल मापात नव्हता. सगळ्यांसमोर योगराजला विचारलं गेलं, आणि सगळ्यांसमोर त्याला सांगावं लागलं, या व्हर्नियरने धार खरवडल्याचं आणि कॉलेजात मला वाकवल्याचंही. त्याची मान खाली गेली, तेव्हा माझ्या वाकड्या जबड्याला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

ऋतिका कायम झाली. योगराजची नोकरी राहिली, पण एका अटीवर. रोज सकाळी त्याने माझ्या कपाटासमोर यायचं, आपलं साधन उजेडाला धरून दाखवायचं, मगच मशीनवर जायचं. नव्या मुलांना मला दाखवतात तेव्हा माझी गोष्टही त्यालाच सांगावी लागते. ती सांगताना त्याची नजर माझ्याकडे वळत नाही. मी मात्र त्याच्याकडे बघतो.

मित्रांनो, मागून आणलेली वस्तू जपा. मोडलीच, तर निदान सांगा. गुपचूप डबीत ठेवू नका. आम्हाला ओरडता येत नाही. आम्ही वाट बघतो.