गुळाचा डाग

मित्रांनो, दगडाला वास येत नाही असं तुम्हाला वाटत असेल. मला मात्र अजूनही एक वास सोडून जात नाही. मी एक जुनी डोणी आहे. जनावरांना खायला-प्यायला अखंड दगड पोखरून करतात ना, ती. पवनारजवळ धाम नदीच्या काठी एका काळ्या दगडातून मला कोरलं आणि बैलगाडीत घालून आंजीला आणलं. कितीतरी वर्षं बैल माझ्यातलं पाणी प्यायले. त्यांच्या माना घासून माझा काठ गुळगुळीत झाला. मग गोठ्यातले बैल गेले, ट्रॅक्टर आला, आणि मी उकिरड्याजवळ पालथी पडले.

तिथून मला रूपरावांनी उचललं. नव्वद सालानंतरची गोष्ट. वर्ध्याला डुक्करपालनाचं शिक्षण घेऊन त्यांनी दोन पांढऱ्या डुकरिणी आणल्या होत्या. विटेच्या तुकड्यानं घासून त्यांनी मला लख्ख केलं आणि बायकोला, कोकिळाबाईंना, हाक मारली.

"पाह्य व, अशी डोणी आता कोणी घडवत नाई."

पिलं झाली. गुलाबी, ओल्या नाकांची. पुढचे दोन्ही पाय माझ्यात टाकूनच ती खायची. तेव्हा मला वाटलं, दगड असूनही आपल्याला नशीब लाभलं.

पण आईचं दूध तुटलं की ती खंगू लागत. त्यात वर्ध्याचा उन्हाळा. पत्रा तापे, पिलं धापा टाकत, हगवण लागे आणि एकेक जाई. दोन उन्हाळे असंच झालं. रूपराव मेलेलं पिलू हातावर घेऊन उभे राहत आणि म्हणत, "माझ्या हातालेच यश नाई."

तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना आणलं. डॉक्टरांनी एका पिलाची पापणी ओढून पाहिली.

"दूध सुटलं, वरून हे ऊन. अशा वेळी पिलाच्या अंगात आतल्या आत जाळ होतो, रूपरावजी. ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात त्याला. त्याच्याशी झुंजायला अंगात जे लागतं, ते मक्याच्या चुरीत पुरेसं नसतं. ही भुकटी घ्या, ॲमिनो आम्लं आहेत. खाण्यातून देत जा."

एवढंच सांगून ते फटफटीवर बसून निघून गेले.

भुकटीला सडक्या कांद्यासारखा वास होता. पिलांनी माझ्यात नाक घातलं आणि मागं सरली. रूपराव डोक्याला हात लावून बसले. कोकिळाबाई मात्र हसल्या.

"अजी, आपली काजल लहानपणी औषध कशी खाये? गुळात घालूनच ना? मंग हे का वेगळे हायेत?"

त्या दिवसापासून चुरी, भुकटी आणि गूळ एकत्र चुलीवर चढू लागलं. कोकिळाबाई पळीनं घोटत राहत. मिश्रण तांबूस होई, मग चांगलं तपकिरी, आणि असा खमंग वास सुटे की रस्त्यानं जाणारे शेजारचे नानाजी कुंपणाशी थांबत.

"रूपरावजी, आमच्या घरी पोरायले शिरा नाई अन् तुमच्या डुकरायले रोज!"

"या ना मंग पंगतीले," रूपराव म्हणत. "डोणीत जागा हाय."

सगळे हसत. पिलं चाटून-पुसून खात. जितका रंग गडद, तितका औषधाचा गुण जास्त, असं कोकिळाबाईंना वाटे, म्हणून त्या आणखी शिजवत. पोटभर खाऊनही पिलांच्या बरगड्या दिसतच राहिल्या. मे महिना लागला आणि ती जाऊ लागली.

उरलेल्यांवर पाणी शिंपायला रूपराव भर दुपारी विहिरीच्या खेपा घालत. कोकिळाबाई ओरडत, "दुपट्टा तं बांधा डोक्याले!" शेवटचं पिलू गेलं त्या दुपारी ते माझ्या काठाला टेकून बसले. "माझ्या हातालेच..." एवढं म्हणाले. बादली कलंडली. माझ्या काठावरचा त्यांचा हात मग हलला नाही. ऊन लागलं, असं लोक म्हणाले.

तेराव्याचे दिवस उरकल्यावर डॉक्टर भेटायला आले. काजल, रूपरावांची मुलगी, वर्ध्याला कॉलेजात शिकायची. ती माझ्याजवळच उभी होती. डॉक्टरांनी हळूच विचारलं, "भुकटी लागू पडली नाही का?"

"आई रोज द्यायची. गूळ घालून, चांगली शिजवून."

डॉक्टरांनी वाकून माझ्या तळाच्या तपकिरी डागाला बोट लावलं. "शिजवून? ती गार खाण्यात कालवायची असते. गुळाबरोबर तापवली की तिचा गुण जातो, तो तपकिरी रंग त्याचाच. एरवी वाचली असती का, सांगता येत नाही. पण औषध त्यांच्या अंगी लागलंच नाही. मी सांगायला हवं होतं."

"बाबांच्या हाताचा दोष नव्हता, एवढं त्यांना कळायला हवं होतं," काजल म्हणाली. मग तिनं घराकडे पाहिलं. आत कोकिळाबाई चहा करत होत्या. "आता हे आईला सांगू नका."

कपबशा घेऊन त्या बाहेर आल्या. "काय म्हंतेत व डॉक्टर?"

"ऊनच फार होतं म्हणे, आई."

"तेच तं. मी तं गुळाले कधी हात आखडला नाई."

आता माझ्यात कोणी खात नाही. मित्रांनो, कोणाला औषध द्याल तर नुसती पुडी हातात ठेवू नका. ते कशात कालवणार, चुलीवर चढवणार का, हे विचारून मगच पायरी उतरा. विचारणाऱ्याचे दोन शब्द जास्त जातील, एवढंच.

काजल सुट्टीत येते, तेव्हा विटेच्या तुकड्यानं माझा तळ घासते. तो तपकिरी डाग काही निघत नाही. परवा कोकिळाबाईंनी तिचा हात धरला.

"राहू दे ना पोरी. पिलायले लय आवडे तो वास."

काजलनं वीट खाली ठेवली.