पाच तास पुढे गेलेली टाकी

मुलांनो, अशी एक खोली डोळ्यांपुढे आणा, जिला खिडकीच नाही. बाहेर ऊन आहे की ढग आलेत, आत बसून काही कळायचं नाही. एका भिंतीशी चष्म्याच्या काचा घासायचं यंत्र आणि समोरच्या भिंतीशी तुमच्या पलंगाएवढी लांब काचेची टाकी. पाणी समुद्रासारखं खारं. आत दोन नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे. आता नाक काचेजवळ न्या. न्या की, मला घाई नाही.

तो चपटा दगड दिसला? त्याला तांदळाच्या कणीहून बारीक ठिपके चिकटलेत, शेकड्यांनी. ती त्या माशांची अंडी. लहान मासा, म्हणजे बाप, पंखांनी त्यांना सारखा वारा घालतोय.

ही खोली होती एका चष्म्याच्या दुकानामागे. दुकान आत्याचं. तिची दहा वर्षांची भाची दर शनिवारी शाळा सुटली की तिथे यायची आणि प्रश्न विचारून भंडावून सोडायची, म्हणून आत्या तिला चौकशीबाई म्हणायची.

त्या शनिवारी दुपारी तीन वाजता तारकाका आले. आसपासची सगळी वीजजोडणी त्यांच्या हातची, म्हणून हे नाव. त्यांच्या हातात खोकं होतं आणि खोक्यात टाकीचा नवा कंट्रोलर.

कंट्रोलर म्हणजे टाकीचा कारभारी. दिवा कधी लावायचा, कधी मालवायचा, पाणी गार झालं की हीटर चालू करायचा, पंप चालवायचा, सगळं तोच बघतो. आत्याचा जुना कंट्रोलर थकला होता. बटणं दाबली जात नव्हती, आकडे पुसट झाले होते. दिवा सकाळी नऊला लागून रात्री नऊला जायला हवा, तो हल्ली दुपारीच जायचा. त्यात गेल्या आठवड्यात हीटर बंदच होईना. आत्याने वेळीच प्लग उपटला, नाहीतर माशांचं काही खरं नव्हतं.

"बसवून टाका," आत्या म्हणाली. "या डब्याला मनाला येईल तेव्हा रात्र होते."

"मनाला येईल तेव्हा नाही," चौकशीबाई म्हणाली. "वही बघ."

वहीत आठ शनिवारांच्या नोंदी होत्या. दिवा कधी गेला, एवढंच. पहिल्या शनिवारी पाच बावन्न. मग पाच अडतीस. मग पाच चोवीस. दर आठवड्याला चौदा मिनिटं आधी, एकदाही चूक नाही.

"म्हणजे रोज दोन मिनिटं," तारकाकांनी बोटांवर मोजलं. "घड्याळ पुढे पळतंय. आज मग..."

"आज चारला. आणि आज अंड्यांचा आठवा दिवस आहे."

आत्याचा चेहरा उतरला. या माशांनी आधी तीनदा अंडी घातली होती. पिल्लं आठव्या दिवशी, अंधार पडल्यावर तासाभराने बाहेर येतात, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिन्ही वेळा पिल्लांसाठी छोटी टाकी तयार ठेवून, रात्री नऊला दुकान बंद झाल्यावर ती टॉर्च घेऊन बसली होती. तिन्ही वेळा दगड रिकामा. बापानेच गिळली म्हणून तिने त्याचं नाव खादाड ठेवलं होतं.

"आत्या, पिल्लं अंधार पडल्यावर येतात म्हणतेस, म्हणजे कुणाचा अंधार?"

नंबर काढून दिला की गिऱ्हाइकाला धूसर पाटी एकदम स्वच्छ दिसते ना, तसं काहीतरी आत्याच्या चेहऱ्यावर झालं.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "संध्याकाळी मी पुढे गिऱ्हाइकांशी बोलत बसायचे आणि इथे मागे रात्र झालेली असायची. पिल्लं यायची आणि पंपात खेचली जायची."

मुलांनो, जरा थांबा इथे. पाच महिन्यांपूर्वी ते घड्याळ बरोबर होतं. मग रोज दोन मिनिटं. एवढा वेळ तर तुम्ही बुटांच्या नाड्या बांधायला लावता! पण खिडकी नसलेल्या त्या खोलीत टाकी जागची न हलता रोज थोडी पूर्वेकडे, जिथे सूर्य आपल्याआधी मावळतो तिकडे, सरकत राहिली, आणि आता तिथे पोचली होती जिथे रात्रीचे आठ वाजून गेलेत. मासे त्या दिव्याबरोबर उठत होते, त्या दिव्याबरोबर झोपत होते. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

"आता पंचाईत," तारकाका डोकं खाजवत म्हणाले. "नवा बसवला की त्याची वेळ अगदी काट्यावर. दिवा जाणार नऊला. पाच तास उशिरा. अंड्यांना ते चालेल का, मला विचारू नका, मी वायरमन आहे. जुना ठेवला तर मी आज संध्याकाळपासून दोन आठवडे बाहेरगावी. हीटर पुन्हा अडकला तर सगळ्यांचंच सूप."

"काका!"

"मी आपलं खरं ते सांगतो."

आत्याने भिंग डोळ्याला लावलं आणि दगड बघितला. मग भिंग भाचीला दिलं. प्रत्येक ठिपक्यात दोन चंदेरी डोळे होते. अजून जन्मच झाला नव्हता, तरी शेकडो डोळे बाहेर बघत होते. चौकशीबाईला पहिल्यांदाच काही विचारावंसं वाटलं नाही.

"मी इतकी वर्षं लोकांचे डोळे तपासतेय," आत्या म्हणाली, "आणि माझ्या नाकापुढे काय चाललंय ते दिसलं नाही. वही तुझी. तूच सांग, बदलायचा की नाही?"

बदलला आणि पिल्लं आतच राहिली तर? नाही बदलला आणि पाणी तापलं तर? मुलगी दोन्ही डब्यांकडे आळीपाळीने बघत राहिली.

"काका, नव्याला वेळ कोण सांगतं?"

"कोण कशाला सांगेल? तो इंटरनेटवरून घेतो."

"मग त्याला इंटरनेट देऊच नका. माशांची वेळ आपण हाताने लावू."

"नवं कोरं यंत्र आणायचं आणि त्याला चुकीची वेळ लावायची? लोक हसतील मला!"

"लोकांना कुठे सांगायचंय? मग रोज दोन मिनिटं मागे आणायची. गेले तसे येतील परत."

"पाच महिने लागतील, बाई!"

"जायलाही तेवढेच लागले ना?"

आत्या एवढी हसली की भिंग पडता पडता वाचलं. "लावा हो. बसवणारे तुम्ही, पण ठरवणारी ही."

दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी तारकाकांनी पुटपुटत नव्या कंट्रोलरवर रात्रीचे आठ चाळीस लावले. बरोबर चारला दिवा मालवला. पिल्लं खेचली जाऊ नयेत म्हणून तारकाकांनी पंपही बंद केला. आत्याने दुकानाकडचा पडदा ओढला आणि दाराच्या फटीला टॉवेल लावला. खोलीत मिट्ट काळोख. तारकाकांना निघायचं होतं, पण तेही स्टुलावर बसून राहिले.

पाच वाजून गेल्यावर आत्याने टाकीच्या कोपऱ्याशी मिणमिणता टॉर्च धरला. आधी काहीच नाही. मग दगडावरून एक डोळा सुटला. हो, डोळाच, मागे केसाएवढी शेपटी. तो थरथरत वर आला. मग दुसरा. मग दगडच विरघळावा तसे दहा, पन्नास, मोजता येईनात. चंदेरी डोळ्यांचा एक धूर उजेडाकडे चढत होता, आणि खाली बाप अजूनही, जुन्या सवयीने, मोकळ्या दगडाला वारा घालत होता.

"खादाड नव्हतास रे तू," आत्या म्हणाली. "माफ कर हं, राजा."

तारकाकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. आत्याने कप बुडवला आणि पहिली वीसेक पिल्लं अलगद छोट्या टाकीत सोडली. कपात एक थेंबही हिंदकळला नाही.

तेवढ्यात पुढच्या दुकानातून खणखणीत आवाज आला, "अहो, आहे का कुणी? काडी तुटलीय चष्म्याची!"

आत्याचे दोन्ही हात कपाला. ती हलू शकत नव्हती. चौकशीबाई उठली, चाचपडत पडद्यापाशी गेली आणि अंग चोरून बाहेर सरकली. दुकानात इतकं ऊन होतं की तिला डोळे चोळावे लागले. काउंटरपलीकडे एक आजोबा तुटका चष्मा हातात घेऊन उभे होते.

तिने ओठांवर बोट ठेवलं आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "जरा हळू बोला ना, आजोबा. आत रात्रीचे दहा वाजून गेलेत."