निवळीचं तळं

पाहुणे येणार म्हटलं की सासऱ्यांच्या अंगात झाडू संचारतो, हे सूनबाईला लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. पण तो झाडू घरापुरता असतो अशी तिची भाबडी समजूत होती.

कोळंबीचे चारही तलाव तिने स्वतः उभे केले होते, तरी कामगारांपासून बर्फवाल्यापर्यंत सगळे तिला सूनबाईच म्हणत. जबाबदार कोळंबीपालनाच्या प्रमाणपत्राची मुदत संपत आली होती आणि नूतनीकरणासाठी आज तपासनीस येणार होते. प्रमाणपत्र गेलं तर गोठवणीचा कारखाना तिच्या कोळंबीकडे ढुंकूनही बघणार नव्हता. पण तिला काळजी नव्हती. खाद्य मोजून, औषधाचा थेंब नाही, पाण्याच्या नोंदी रोज दोनदा. येऊ देत कोण येतंय ते! दोन दिवस बीज केंद्रावर ठिय्या देऊन, पुढच्या खेपेची पिल्लं पक्की करून ती सकाळी परतली, तर सासरे फाटकातच उभे, गुडघ्यापर्यंत चिखलात.

"चल, दाखवतो. आरसा केलाय आरसा!"

निवळीच्या तळ्याशी पोचताच ती काठावर वाकून बघू लागली. तलावातलं वापरलेलं पाणी खाडीत सोडण्याआधी याच तळ्यात थांबायचं. गाळ खाली बसायचा आणि उरलासुरला मळ काठची लव्हाळी नि तळाच्या शिंपल्या फस्त करायच्या. पुढे खाडीत शेजारच्या बायका कालवं काढायच्या, त्या याच भरवशावर. आता तिथे ना लव्हाळं होतं ना शिंपली. दोन माणसं हाताशी घेऊन सासऱ्यांनी सगळं उपटून, खरवडून लांब नेऊन टाकलं होतं. वर काठाला चुनाही मारला होता.

"बाबा, ती घाण नव्हती हो. पाणी तीच साफ करत होती."

सासऱ्यांना चूक उमगली. ते हळूच म्हणाले, "मागच्या आठवड्याच्या पाण्याची बाटली फ्रिजमध्ये आहे. नमुना म्हणून तीच दिली तर?"

सूनबाईचं डोकं सणकलं. "ती बाटली आधी ओतून टाका. आणि चहाचं आधण ठेवा, येतीलच ते."

तपासनीस आले. त्यांनी फाइल उघडायच्या आत ती त्यांना थेट तळ्यावर घेऊन गेली.

"इथून पाणी सोडलं तर ते तपासणीत नापास होईल," तिने सांगून टाकलं. "पाणी गाळणारं सगळं आम्हीच उपटलंय. चूक आमची."

"आणि अर्जात तर उद्याची काढणी लिहिलीय ना?" तपासनीसांनी विचारलं. " तलाव उपसल्याशिवाय कोळंबी हाती कशी येणार?"

"उपसणार. पण खाडीकडचं दार बंद. पाणी पंपाने चौथ्या तलावात घेते, तो रिकामा आहे."

"त्यात तर नवी पिल्लं सोडायची होती तुम्हाला."

"बीज केंद्राला आत्ताच फोन करून पिल्लांचा माझा नंबर सोडला."

दोन दिवसांची खटपट दोन मिनिटांत पाण्यात गेली होती. तिला वाईट वाटत होतंच. पण आवाज जराही हलला नाही.

तपासनीसांनी दाराचं कुलूप ओढून पाहिलं, पंपाचा पाइप पार चौथ्या तलावापर्यंत चालत जाऊन पाहिला आणि तळ्याच्या काठावर परत येऊन बराच वेळ लिहीत राहिले. "सहा आठवडे देतो. तोवर जुनं प्रमाणपत्र चालेल. मग येऊन पाणी तपासीन. पास झालं तर नवं, नाहीतर नाही. हे तळं पूर्ववत कोण करणार, त्यांची इथे सही हवी."

सूनबाईने पेन घेतलं आणि चहा घेऊन आलेल्या सासऱ्यांपुढे धरलं.

"मी?" सासरे दचकले. "अगं, सगळा घोळ मीच घातला ना!"

"म्हणूनच. लव्हाळी कुठे किती होती, शिंपल्या कुठल्या कोपऱ्यात दाट होत्या, हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. एकूण एक तुमच्याच हातांनी निघालंय, बाबा."

सासऱ्यांचे डोळे भरून आले. त्यांनी सही केली, सावकाश, पूर्ण नावानिशी. मग बाहीने डोळे पुसून ते तपासनीसांकडे वळले.

"साहेब, जरा बाजूला होता का? तुम्ही उभे आहात तिथूनच सुरुवात करायची आहे."