हद्द ओलांडून आलेला दंड

मित्रांनो, मी एक जुनी राखाडी गाडी आहे. माझ्या उजव्या दाराला पोचा आहे, मागची काच अर्ध्यावर अडकते आणि थंडीत पहिल्या किल्लीला मी कधीच सुरू होत नाही. तरी मला भंगार म्हणून हिणवू नका. शेकडो बाळंतपणांना मी वेळेवर पोचले आहे. एकदाच पोचले नाही, आणि तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. ते मला दर सुट्टीला पुसायचे आणि कुठेच न्यायचे नाहीत. मग त्यांनी मला एका नर्सबाईंना विकलं, तेव्हा कुठे माझं खरं आयुष्य सुरू झालं.

बाई घरोघरी जाऊन बाळंतपणं करायच्या. फोन वाजला की चपला पायात सरकवण्याआधी त्या माझी किल्ली उचलायच्या. त्यांच्या सासूबाई म्हणायच्या, "ही गाडी म्हणजे माझी थोरली सून. धाकटीला घेऊन दिवसभर उंडारते नुसती!" मला ते फार आवडायचं.

पण कळा सुरू झालेल्या बाईला थांब म्हणता येत नाही. त्यामुळे बाई मला मिळेल तिथे सोडून धावायच्या. कधी वळणावर, कधी दुकानाच्या दारात, तर कधी थेट 'गाडी उभी करू नये' या पाटीखाली. परत येईपर्यंत माझ्या वायपरखाली दंडाची पावती खोचलेली असायची. पहिली पावती बाईंनी नीट वाचली. "उद्या भरते," म्हणाल्या आणि ती माझ्या पुढच्या कप्प्यात ठेवली. पुढच्या पावत्या त्यांनी न वाचताच आत सारल्या. शेवटी कप्प्याचं झाकण लागेना, तेव्हा गुडघ्याने रेटून लावलं.

त्यांचे यजमान कारखान्यात फिटर होते. मितभाषी, सरळ माणूस. एकदा त्यांनी माझ्यात बसता बसता विचारलं, "पावत्या भरल्यास ना गं?"

"भरल्या रे."

मला वाचा असती तर मी तेव्हाच ओरडले असते.

पुढे यजमानांना दुसऱ्या राज्यात नोकरी लागली. सामान ट्रकमधून गेलं. बाईंनी मला चालवत नेलं, शेजारी सासूबाई, त्यांच्या मांडीवर भिंतीवरचं घड्याळ. राज्याच्या हद्दीची पाटी मागे पडली तशा बाई एकदम म्हणाल्या, "सुटले बाई!"

"कशातून गं?"

"प्रवासातून."

"अगं, निम्मा रस्ता बाकी आहे अजून!"

नव्या गावात माझा नंबर बदलायला हवा होता. त्या कामासाठी बाई वाहन कार्यालयात गेल्या आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याने परत आल्या. खिडकीवरच्या कारकून बाईंनी सांगितलं होतं, "आधी जुन्या राज्याचा दाखला आणा. तिथला दंड थकलाय तुमचा. इथल्या पडद्यावरही दिसतोय बघा."

त्या दिवसापासून आमच्या मागे भीती लागली. बाई मोठे रस्ते सोडून गल्लीबोळांतून जाऊ लागल्या. चौकात पोलीस दिसला की त्या वेग अगदी कमी करायच्या. माझे ब्रेक जरा किंचाळले तरी त्या दबक्या आवाजात म्हणायच्या, "गप गं, बघतोय तो!" त्यांच्या तळहाताचा घाम माझ्या स्टिअरिंगला लागायचा. घरी मात्र त्या चकार शब्द काढत नव्हत्या.

एका दुपारी गावातल्या बेकरीवाल्याच्या बहिणीचा फोन आला. बेकरीवाल्याच्या बायकोचे दिवस भरले नव्हते, तरी कळा सुरू झाल्या होत्या. तिचं घर पुलापलीकडच्या टेकडीवर होतं, आणि पुलाला काही गल्ली नसते.

पुलाच्या तोंडाशीच एका पोलिसाने आम्हाला थांबवलं. हातातल्या यंत्रावर नंबर टाकला, मग बाईंचं लायसन्स तपासलं.

"बाई, गाडी बाजूला घ्या. तुमचं लायसन्स निलंबित आहे. चार महिने झाले."

"कसं शक्य आहे? मला कुणी कळवलंच नाही!"

"दंड थकला म्हणून कोर्टाची नोटीस पाठवली होती. हा पत्ता तुमचाच ना?"

तो आमचा जुना पत्ता होता. तिथे आता तिसरंच कुणी राहत होतं.

"साहेब, मी नर्स आहे. बाळंतपण अडलंय. येताना पकडा मला, हवं तर तुरुंगात टाका!"

पोलीस दांडगाईचा नव्हता. उलट हळू बोलत होता. "तुम्हाला सोडतो. गाडी नाही सोडता येणार." त्याने मागून येणारा विटांचा ट्रक थांबवला. बाईंनी बाळंतपणाची काळी बॅग छातीशी धरली आणि पळत जाऊन ट्रकमध्ये चढल्या.

आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. प्राणवायूचा छोटा सिलिंडर माझ्या मागच्या सीटवरच राहिला होता! मला हाक मारता येईना. क्रेनने माझी पुढची चाकं उचलली आणि उलट्या दिशेने ओढत नेलं. प्रत्येक खड्ड्याला तो सिलिंडर सीटवर गडगडत होता.

जप्त गाड्यांच्या आवारात मी तीन दिवस उभी होते. शेजारच्या ट्रकवर गवत उगवलं होतं. ते बाळ जगलं की नाही, एवढंच माझ्या मनात घोळत होतं.

चौथ्या दिवशी बाई यजमानांबरोबर आल्या. सिलिंडर दिसताच त्या माझ्या दाराला टेकून मटकन खाली बसल्या.

"मी पोचले तेव्हा मूल होऊन गेलं होतं," त्या म्हणाल्या. "निळं पडलेलं. हालचाल नाही. तोंडाने श्वास भरत राहिले. दोन मिनिटांनी रडलं. दोन मिनिटं, रे! न रडतं तर?"

यजमान त्यांच्याशेजारी खाली बसले. मग म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

"एकदा खोटं बोलले. मग खरं सांगायचीच भीती वाटायला लागली."

पुढे दोघं मिळून जुन्या गावी गेले. बाई न्यायाधीशांपुढे उभ्या राहिल्या, सगळं कबूल केलं आणि दंड भरला. यजमानांनी मला घरी आणलं, पण लायसन्स परत मिळायला अजून अवकाश आहे. तोवर बाई बॅग घेऊन बसने जातात. दोन घरांनी दुसरी नर्स शोधली. बेकरीवाल्याची मुलगी आता रांगते. डॉक्टर अजून दर महिन्याला तिला तपासतात, आणि त्या दिवशी बाई जेवत नाहीत.

मित्रांनो, माझ्या बाई वाईट नव्हत्या. त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरलेलं माणूस कसं दिसतं ते मी जवळून पाहिलं आहे. ते हसतं, कामाला जातं, वेळेवर जेवतं. तुमच्या घरात असं कुणी गप्प गप्प झालेलं वाटलं, तर विचारा. "काही नाही" असं उत्तर आलं, तरी लगेच उठू नका. थोडा वेळ त्याच्याजवळ बसून राहा. मला ते जमलं नाही. मी नुसती गाडी होते.