निम्म्या किमतीचा लॅपटॉप

"सांगलीला मीबी येतो," असं आकाराममामा म्हणाले आणि राजेश्वरीची तव्यावरची भाकरी जरा जास्तच भाजली.

सासऱ्यांबद्दल तिला आदर होता, पण त्यांच्याबरोबर खरेदीला जायचं ती शक्यतो टाळायची. मामांनी लष्करात बावीस वर्षं काढली होती, तीही सगळी सामानाच्या भांडारात. आलेला माल उघडून, मोजून, हाताळून बघितल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. गेल्या वर्षी घरगुती पिठाची गिरणी घेताना त्यांनी दुकानदाराला पाच किलो ज्वारी दळायला लावली होती. ते पीठ कोरेगावला आणलं, सासूबाईंनी, म्हणजे लीलाबाईंनी, त्याच्या भाकरी केल्या, त्या मामांनी खाल्ल्या आणि मगच दुकानदाराला उरलेले पैसे मिळाले.

आता लॅपटॉपच्या दुकानात ते काय करतील, कुणास ठाऊक.

तिला लॅपटॉप हवा होता तो कामासाठी. लग्नाआधी तिनं सांगलीत बांधकामाचा डिप्लोमा केला होता. पुढं लग्न झालं, मुलगी सृष्टी झाली आणि शिक्षण कपाटातल्या फायलीत जाऊन बसलं. दोन वर्षांपूर्वी तिची जुनी मैत्रीण संयोगिता हिनं सांगलीत स्वतःचं ऑफिस काढलं आणि घरांचे नकाशे काढायचं थोडं थोडं काम राजेश्वरीकडं पाठवायला सुरुवात केली. राजेश्वरी कोरेगावातल्या एका कॅफेत तासावर कॉम्प्युटर घेऊन ते करायची. कॅफेवाला सातला शटर ओढायचा, मग जिना अर्धा असो की गच्ची, उठायला लागायचं. आता संयोगिता म्हणत होती, नुसते नकाशे नकोत, घर सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवता आलं पाहिजे. त्या कामाचे पैसेही बरे होते. राजेश्वरीनं बेचाळीस हजार साठवले होते.

अशात जम्मूला नोकरीवर असलेल्या नवऱ्यानं, धैर्यशीलनं, फोनवर एक जाहिरात पाठवली. सांगलीतलंच दुकान होतं. 'पासष्ट हजारांचा लॅपटॉप साडेबत्तीस हजारांत! फक्त रविवारपर्यंत!' खाली त्यानं लिहिलं होतं, 'घेऊन टाक.'

साडेबत्तीस! म्हणजे उरलेल्या पैशांत चांगली खुर्ची येईल, प्रिंटरसुद्धा येईल. राजेश्वरीनं मनातल्या मनात खुर्ची खिडकीजवळ ठेवूनही टाकली होती.

शनिवारी सकाळी दोघं कोरेगाव स्टेशनवरून गाडीत बसले. मसूर मागं पडेपर्यंत मामा खिडकीबाहेर लोकांचे ऊस बघत होते. मग एकदम म्हणाले, "राजेश्वरी, त्या लॅपटापवर तू नेमकं करणार काय?"

ती चपापली. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण तिच्या कामाबद्दल मामांनी काही विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. तिनं फोनवर एक नकाशा काढून दाखवला. ह्या रेघा म्हणजे भिंती, ही खूण म्हणजे दार. आणि आता हेच घर उभं करून दाखवायचं, चहूबाजूंनी.

मामांनी चष्मा पुढं-मागं करून बराच वेळ बघितलं.

"म्हंजे मालकानं बांधायच्या आदी तू बांधून बघतीस."

"व्हय, मामा. तसंच."

"मग यंत्र ते पेलणारं पायजे," एवढंच म्हणून ते पुन्हा उसाकडं वळले.

दुकानाच्या दारात लाल-पिवळे फुगे लावलेले होते. आत कीर्ती नावाची पंचविशीतली मुलगी पुढं आली. मालक सुकुमारअण्णा गल्ल्यामागं बसले होते, त्यांची ती पुतणी. जाहिरातीतला लॅपटॉप तिनं काचेवर ठेवला. दिसायला देखणा होता, चंदेरी, पातळ.

"काका, निम्म्या किमतीत आहे. दोनच पीस उरलेत."

"निम्म्या म्हंजे कशाच्या निम्म्या?" मामांनी विचारलं.

"मूळ किमतीच्या."

"त्या मूळ किमतीला हितनं कुणी एकतरी नेलाय का?"

कीर्ती हसली आणि लॅपटॉपचं झाकण उघडून दाखवायला लागली. राजेश्वरीला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. पण प्रश्न मात्र तिच्याही डोक्यात रुतला. तिनं फोन काढला आणि लॅपटॉपच्या खाली छापलेला मॉडेलचा क्रमांक शोधून बघितला. तीन ठिकाणी तोच लॅपटॉप, चौतीस हजार, साडेतेहेतीस, पुन्हा चौतीस. पासष्ट कुठंच नव्हते.

"मामा, खरी सूट हजार-दीड हजाराची हाय," ती हळूच म्हणाली. आवाज जरा पडलाच तिचा.

"मग वाईट काय झालं? दीड हजार कमी ते कमीच. पण तुझं काम ह्याच्यानं हुतंय का, ते बघ. तुझं घर आणलंयस न्हवं?"

घर तिनं आणलं होतं, पेनड्राइव्हवर. पण ते उघडायचं तर नकाशाचा प्रोग्रॅम आधी त्या लॅपटॉपवर उतरवायला लागणार आणि त्याला निदान पाऊण तास जाणार. विचारायचं कसं? एरवी ती गप्प बसली असती. पण शेजारी मामा खुर्ची ओढून असे बसले होते, जणू मुक्कामालाच आले आहेत. त्यांच्याकडं बघून तिला धीर आला. तिनं विचारलं. कीर्तीनं अण्णांकडं बघितलं.

"लाव की," अण्णा गल्ल्यामागून म्हणाले. "आणि चहा सांग. लांबनं आलीत माणसं."

चहा झाला. प्रोग्रॅम अजून उतरत होता तेवढ्यात एक बाई आत आल्या, पासष्टीच्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. नाव शालनताई, निवृत्त शिक्षिका. त्यांनाही तोच जाहिरातीतला लॅपटॉप बघायचा होता. रिकामी खुर्ची बघून त्या मामांच्या शेजारी टेकल्या आणि दोन मिनिटांत त्यांच्या सोसायटीतल्या पार्किंगच्या भांडणाची सगळी हकिकत मामांना कळली.

अखेर प्रोग्रॅम चालू झाला. राजेश्वरीनं आपलं दुमजली घर उघडलं. सपाट नकाशा नीट दिसला. मग तिनं घर उभं केलं आणि फिरवलं.

लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. भिंती आल्या, गच्ची आली, पण मधलं सगळं रिकामंच. मामा पुढं वाकले.

"जिना कुठं गेला?"

"येतोय, मामा."

"आपण वर पोचल्यावर येणार व्हय?"

शालनताईंना हसू फुटलं. जिना एकदाचा आला, तर खिडक्या गेल्या. राजेश्वरीनं पुन्हा फिरवलं आणि पडदा जो गोठला तो गोठलाच. बाण हलेना, काही हलेना.

तिच्या मनात हिशेब चालला होता. चालवून घेता येईल. थोडं सावकाश होईल, पण घरी तर शटर ओढणारं कुणी नाही. खुर्ची येईल. प्रिंटर येईल. धैर्यशीलही घेऊन टाक म्हणालाय. मग तिला आठवलं, हे घर तसं लहानच आहे. संयोगितानं पुढचं सांगितलंय ते आठ फ्लॅटचं. ते ह्याच्यावर उघडायचं म्हटलं तर सकाळी बटण दाबून दुपारी जेवूनच यायला लागेल.

तिनं मामांकडं बघितलं. ते हात गुडघ्यांवर ठेवून तिच्या बोलण्याची वाट बघत होते.

"हा नको," ती म्हणाली. वाटलं त्यापेक्षा मोठ्यानं निघालं तोंडातून.

कीर्तीचा चेहरा उतरला आणि शालनताई घाबरल्या. "अहो, इतका वाईट आहे का? मी तर हाच घ्यायला आलेय."

आता आली का पंचाईत! पण राजेश्वरी उठली आणि तिनं शालनताईंना आपल्या खुर्चीवर बसवलं. "वाईट न्हाई, ताई. माझ्या कामाला नको. तुमी ह्याच्यावर काय करणार?"

शालनताईंचा मुलगा कॅनडात होता. नातवाशी फोनच्या एवढ्याशा पडद्यावर बोलून त्यांची मान धरायची. शिवाय सोसायटीच्या सेक्रेटरी त्याच, सगळ्या नोटिसा हातानं लिहायच्या. राजेश्वरीनं प्रोग्रॅम बंद करून लॅपटॉप पुन्हा चालू केला आणि त्यांना मराठीत चार ओळी टाइप करायला लावल्या. कॅनडात त्या वेळी झोपाझोप असणार, म्हणून मिरजेच्या बहिणीला व्हिडिओवर फोन लावून दिला. बहीण पडद्यावर स्वच्छ दिसली आणि पहिलं वाक्य बोलली, "शालन, तू दुकानात काय करतेस?"

"तुमच्या कामाला हा भक्कम हाय," राजेश्वरी म्हणाली. "दुसरीकडंबी चौतीसच्या आसपास मिळतो, म्हणजे हितं थोडा स्वस्तच पडतोय. फक्त निम्म्यात मिळाला म्हणून दुप्पट खूश होऊ नका."

शालनताई खळखळून हसल्या. गल्ल्यामागून अण्णाही हसले, जरा ओशाळून.

"ही तुमची मुलगी का हो?" शालनताईंनी मामांना विचारलं.

"सून हाय," मामा म्हणाले. ताठ बसूनच. "घरांचे नकाशे काढती. मालकाआदी ही घर बांधून बघती."

राजेश्वरीनं पटकन पेनड्राइव्हचं टोपण शोधायला मान खाली घातली. टोपण तिच्या हातातच होतं.

शालनताईंचं बिल झालं, तसे अण्णा स्वतः उठून आले. "बाई, तुम्हाला घर फिरवायचं यंत्र पाहिजे ना? एक आहे. पण त्याला फुगे नाही लावलेले." त्यांनी कोपऱ्यातल्या टेबलावरचा एक काळा, जाडसर लॅपटॉप आणला. दुकानात दाखवण्यासाठी सहा महिने उघडा ठेवलेला पीस. झाकणावर नखाएवढा ओरखडा होता. नवा अठ्ठेचाळीसचा, हा त्रेचाळीसला देतो म्हणाले.

ह्या वेळी प्रोग्रॅम उतरवायला परवानगी कुणी मागितली नाही. घर उघडलं. राजेश्वरीनं फिरवलं. जिना होता. खिडक्या होत्या. तिनं वरच्या मजल्यावरून खाली, पुढच्या दारातून मागच्या दारात असं सुसाट फिरवलं, तरी काही गायब झालं नाही की अडलं नाही. तिच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं.

पण लगेच हरखून जायचं नाही, एवढं आता तिला जमायला लागलं होतं. "सहा महिने हा वायर लावूनच ठेवलेला असणार. बॅटरी दमली असंल," ती म्हणाली आणि तिनं बॅटरीची माहिती उघडली. नवी असताना मावायची त्याच्या तीन चतुर्थांशच वीज आता मावत होती.

अण्णांनी कपाळावर आठ्या घातल्या, मग स्वतःच सोडवल्या. "नवी बॅटरी कंपनीकडून मागवून देतो."

"बिलावर लिहून द्या," सासरा आणि सून एकदमच म्हणाले.

"आणि वॉरंटी आजच्या तारखेपासनं," राजेश्वरीनं पुढं जोडलं.

राहिला प्रश्न बेचाळीसच्या वरच्या हजार रुपयांचा. मामांचा हात बंडीच्या खिशाकडं गेलेला तिनं बघितला. "राहू द्या, मामा," ती म्हणाली आणि अण्णांकडं वळली. "बॅग नको, माउस नको. आणि मघाशी तुमचा एक लॅपटॉप मी खपवून दिला, अण्णा."

अण्णांनी हात जोडले. "साडेएकेचाळीस. आणि बाई, दर शनिवारी येऊन बसत जावा इथं."

निघायच्या आधी मामांनी चष्मा लावून लॅपटॉप उलटा केला. खालचा बारीक छापलेला क्रमांक ते एकेक आकडा करून वाचायचे आणि कीर्ती बिलावरचा आकडा मोठ्यानं म्हणायची. सोळा आकडे जुळले तेव्हा मामांनी मान हलवली. राजेश्वरीला ह्या वेळी लाज वाटली नाही. तीही बोटानं मोजत होती.

बॅटरी आठ दिवसांत येते म्हणाले होते, ती बारा दिवसांनी आली. कीर्तीनं आपणहून फोन केला. खुर्चीचं मात्र राहिलंच. लॅपटॉप घरातल्या जुन्या लोखंडी टेबलावर आला आणि राजेश्वरी उशी ठेवलेल्या स्टुलावर.

संयोगितानं पाठवलेलं पहिलं घर तिनं त्यावर उभं केलं, त्या संध्याकाळी सगळे टेबलाभोवती जमले. सृष्टी घर फिरवायला लागली, थांबेचना. लीलाबाई पदरानं हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या आणि शेजारी उभ्या राहून बघायला लागल्या. पुढची खोली बघितली, देवघर बघितलं, स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "थांब गं जरा. मागं ने."

सृष्टीनं घर मागं नेलं.

"ह्या बाईनं भांडी कुठं घासायची? आन् धुणं? मोरी न्हाई, कट्टा न्हाई. मागल्या दाराला लागून सरळ भितच घातलीया."

राजेश्वरीनं बघितलं. खरंच नव्हतं. संयोगितानं मूळ नकाशात काढलं नव्हतं, राजेश्वरीनंही तसंच उचललं होतं. तिनं तिथंच फोन लावला. संयोगिता पलीकडून म्हणाली, "अगं, घरमालकीण दोनदा आली होती, काहीतरी चुकतंय म्हणत होती, पण काय ते तिला सांगता येईना."

दुसऱ्या दिवशी मागच्या दाराला कट्टा झाला, पाण्याचा नळ झाला, वर ऊन-पावसाला पत्रा झाला. घरमालकीण एकदम खूश झाली. आठ फ्लॅटचं काम आता राजेश्वरीकडं आलंय, आणि प्रत्येक स्वयंपाकघर सांगलीला पाठवण्याआधी लीलाबाई स्टूल ओढून टेबलाशी बसतात.

"हं, दाव," म्हणतात, "मागल्या दारानं दाव."