पावणेतेरा

"साडेअकरा," गुलफशा म्हणाली. "अजून साडेअकराच."

इरशादने पाय आणखी दाबला. टर्बोची शिट्टी चढत गेली आणि सीट तिच्या पाठीला रेटू लागली. उजाडल्या उजाडल्या सारोळ्याकडचा रस्ता मोकळा होता. त्याने समोर बघायचं आणि तिने हवा-पेट्रोलच्या मीटरवरचा आकडा मोठ्याने सांगायचा, असं नवरा-बायकोचं ठरलेलं होतं.

नसरापूरला त्यांचं गॅरेज होतं, मागे राहायच्या दोन खोल्या. जीप, टेम्पो दुरुस्त करताना इरशादचे हात चालत, पण जीव रमत नसे. भंगारातल्या एका मोटारीचा टर्बो त्याने आपल्या जुन्या पेट्रोल गाडीला बसवला आणि तेव्हापासून त्याला एका जागी चैन पडेना. जेवताना मध्येच ताटावरून उठून तो गाडीकडे जाई. शर्यतीच्या गाड्या तयार करणाऱ्या पुण्याच्या एका गॅरेजचे मालक रविवारी ही गाडी बघायला येणार होते. पसंत पडली तर इरशादला तिकडे काम मिळणार होतं आणि बिऱ्हाड पुण्याला जाणार होतं.

"भोरला अम्मी एकटी हाय," गुलफशाने एकदा सांगून पाहिलं होतं. "आनी माजा क्लास?" राहत्या खोलीतच ती गावातल्या बायकांना शिवण शिकवायची.

"पुन्यात काय बायका कापडं शिवत न्हाईत व्हय?" एवढं बोलून तो परत बॉनेटखाली वाकला होता.

मीटर वाचायला त्यानेच तिला शिकवलं होतं. "सादं चालताना एक भाग पेट्रोलला पावनेपंदरा भाग हवा लागती. पर टर्बो हवा कोंबाय लागला, का पेट्रोल बी वाढवाय लागतं. जादाचं पेट्रोल आतली आग जरा थंड ठेवतं. म्हनून जोरात असताना आकडा साडेअकरा-बाराच पायजे. तेराच्या म्होरं गेला, तर पेट्रोल कमी पडाय लागलं समज. मग पिस्टन वितळतो. इंजिन खलास."

"बारा," आता ती म्हणाली. "सव्वाबारा."

"चालंल. बोलत ऱ्हा."

"साडेबारा."

मग पावणेतेरा दिसले आणि तिचे ओठ मिटले. काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. इंजिन जाईल, रविवारी आलेला माणूस चहा पिऊन परत जाईल आणि सगळं आहे तसं राहील. तिने मान वळवली. इरशादचा चेहरा निवळला होता. कितीतरी दिवसांत तो इतका स्वस्थ तिला दिसला नव्हता.

"तेरा!" ती ओरडली. "पाय काडा! काडा की!"

त्याने पाय उचलला. शिट्टी विरली. गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन त्याने इंजिनाकडे कान दिला. ते शांतपणे चालत होतं.

"साडेबाराचं येकदम तेरा?" त्याने विचारलं. "मदी पावनेतेरा दिसलं न्हाई?"

"दिसलं."

"मग?"

"म्या बोलले न्हाई."

शेजारून उसाचा ट्रक गेला आणि गाडी हलली.

"तुला पुन्याला यायचं न्हाई," इरशाद म्हणाला.

"न्हाई."

"मग सांगायचं तसं."

"तुमी थांबताय कुठं ऐकाय?"

परत आल्यावर गॅरेजात त्याने पेट्रोलचा फिल्टर काढला. टाकीतला गंज येऊन तो तुंबला होता. साध्या चालीला पुरेल एवढं पेट्रोल त्यातून जात होतं. जोर लागला की कमी पडत होतं. त्याने टाकी उतरवून धुतली, नवा फिल्टर बसवला. गुलफशा चहा ठेवून गेली. त्याने तो उभ्यानेच घेतला.

रविवारी मालक आले. गाडीभोवती फिरून म्हणाले, "चला, मी बसतो शेजारी. मीटर बघतो."

"तुमी मागं बसा साहेब," इरशाद म्हणाला. "आकडा ही सांगंल."

गुलफशा दारात उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने पुढचं दार उघडून धरलं होतं.

ती बसली. सारोळ्याच्या पुलापर्यंत तिने एकही आकडा गाळला नाही. साडेअकरा, साडेअकरा, पावणेबारा, साडेअकरा. मागच्या सीटवरून मालक म्हणाले, "इरशादभाई, एक तारखेपासून या."

तो एकटाच गेला. यावर भांडण झालं नाही. "सुट्टीला येत जाईन," तो म्हणाला आणि ती "व्हय" म्हणाली. गाडी घेऊन तो निघाला तेव्हा ती रस्त्यापर्यंत गेली नाही. डबा तेवढा तिने सीटवर ठेवला होता.

पुढच्या आठवड्यात तिने गॅरेजचं शटर उघडलं. क्लासातल्या बाळाबाईने पदर खोचला आणि दोघी फरशी घासायला बसल्या. सोडा झाला, रॉकेल झालं. मधोमध ऑइलचा काळा डाग होता, तो काही निघेना.

"ह्यो जायाचा न्हाई गं," बाळाबाई म्हणाली. "वर गोणपाट टाकू?"

"नगं."

दारातून येणारा उजेड नेमका तिथेच पडत होता. गुलफशाने शिलाई मशीन ओढून त्या डागावर आणलं, चारी पाय टेकलेत का ते हलवून पाहिलं आणि सुईत दोरा ओवायला घेतला.